चुन्याचे ठिपके

पाण्याचा टँकर मिळेना म्हणून निवृत्तीच्या थोरल्या लेकीचं लग्न दोनदा पुढं ढकललं, ते साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात गाड्या वाढतील म्हणून लोह्याच्या बौद्धवाड्यातला निवृत्ती लातुरात येऊन मिस्त्री झाला होता, आणि त्या दिवशी आडतदार सिद्रामप्पांच्या अंगणात त्यांच्या मारुती गाडीपुढं उकिडवा बसला होता.

गाडी गॅरेजात द्यायला आप्पा तयार नव्हते. आत नेली की चांगला पार्ट काढून जुना बसवतात, हे त्यांचं पक्कं मत. म्हणून लिंबाखाली बाज टाकून ते स्वतः राखण करत होते. छातीत कळ यायची, तरी नजर मिस्त्रीच्या हातावर. उद्या त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि एसटीचे धक्के सोसणार नव्हते.

इंजिनाचा दातेरी पट्टा तेल लागून चिरला होता. वाटेत तुटला असता तर गाडी जागीच थांबली असती.

"इंजनात रबर कुठं असतंय का रं?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"ह्यात असतंय, आप्पा. जुना तुमच्या बाजंवरच ठिवतो, बघत बसा."

पण असली गाडी निवृत्तीनं आधी एकदाच उघडली होती. नवा पट्टा ओढून बसवताना आतली दातेरी चाकं हलतात, आणि एक दात जरी सरकला तरी इंजिन बिघडतं. म्हणून पानाच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन त्यानं वरच्या आणि खालच्या चाकावर, शेजारच्या लोखंडावर समोरासमोर खुणेचे ठिपके दिले. ते वाळू दिले, मग पट्टा काढला आणि भाकरी खायला फाटकाबाहेर गेला. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून खायचं त्यानं कधीच सोडलं होतं.

परत आला तर आप्पांचा डोळा लागलेला. दोन्ही चाकांवर विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढलेले. ठिपके दिसेनात. शेजारी आप्पांच्या बायको सिद्धम्मा पदराला बोटं पुसत उभ्या.

निवृत्तीच्या डोक्यात सणक गेली. हत्यारं गोळा करून निघून जावं, असं आलं मनात. पण गाडी उघडी टाकून गेलं की बाजारभर एकच बोललं जाणार, निवृत्तीनं मोडली.

"अव्वा, हे कशापायी? म्या हात लावला म्हणून?"

सिद्धम्मा त्याच्याकडं बघतच राहिल्या.

"तू आधी टिक्के दिलास की. मला वाटलं, तुझ्या कामाची पूजा असंल. म्हणून त्याच्यावरच इबूत लावली. उद्या ह्यांना नेयाचं हाय रं."

त्याला ते खरं वाटलं नाही. बोलायला काय जातं, असंच त्याच्या मनात. तो गुडघ्यावर बसला आणि चाकावर फुंकर मारली. सुटी राख उडाली, पट्ट्यांची पुसट खूण उरली. वाळलेला चुना लोखंडाला धरून होता. दुसऱ्या चाकावरही तसंच. प्रत्येक ठिपका विभूतीच्या मधल्या पट्ट्याच्या बरोबर खाली.

दिवस कलायच्या आत पट्टा बसला. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आप्पा दचकून उठले, जुना पट्टा हुंगून म्हणाले, "ह्योच होता का पण?"

सिद्धम्मांनी पाण्याचा पितळी पेला भरून आणला. हा पेला घरातला, की त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला? निवृत्तीनं बूड न्याहाळलं, अर्धं पाणी प्याला आणि पेला परत दिला. उरलेल्या पाण्याचं त्या काय करतात, ते बघत थांबला.

भिंतीकडेला बेलाचं एक रोप होतं. दुष्काळात सगळं अंगण वाळलं, पण देवाच्या पूजेचं पाणी तेवढं त्याला मिळायचं, म्हणून हिरवं होतं. सिद्धम्मा तिथवर चालत गेल्या आणि निवृत्तीचं उष्टं पाणी त्या रोपाच्या बुडाशी सावकाश ओतलं.

निवृत्ती हत्यारं पुसत बसला.

गाडी दुसऱ्या दिवशी वाटेत कुठं न थांबता सोलापूरला पोचली. सिद्रामप्पा त्यानंतर आठ वर्षं जगले. सिद्धम्मा पुढच्याच उन्हाळ्यात, सत्याऐंशीच्या मे महिन्यात, वारल्या.