बाकी बत्तीस

“बत्तीस कशी उरेल गं बाकी? चाराने भागतेयस ना?” मी विचारलं. जिज्ञासा टेबलाची कड धरून उभी होती. शाळा सुटली होती. दारात तिची आई माया, साडीला जीन्सचे निळे धागे चिकटलेले. ती उल्हासनगरच्या कारखान्यात धागे कापायला जाते. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून बुवापाड्यातल्या आमच्या शाळेत आली होती.

“बाई, परीक्षा आठ दिवसांवर आलीय,” माया म्हणाली. “पाचवीत आता नापास करतात म्हणे. हिचे पप्पा बोलले, नापास झाली तर गावाला आत्याकडे ठेवून येतो, घरकाम तरी शिकेल. मला ही इथेच पाहिजे, बाई.”

एकोणतीस वर्षं गणित शिकवतेय. भागाकार आला की दरवर्षी निम्मा वर्ग ढेपाळतो आणि मी पाढ्यांच्या नावाने खडे फोडते. पण या पोरीचे पाढे तोंडपाठ होते. तरी सराव चाचणीतल्या पाचही भागाकारांवर माझ्या लाल फुल्या होत्या. बहात्तर भागिले चार: भागाकार दहा, बाकी बत्तीस.

मी आइसक्रीमच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे सात गठ्ठे आणि दोन सुट्या. “वाट चौघांत.”

तिने आधी सुट्या उचलल्या. दोन काड्या चौघांत जाईनात, म्हणून बाजूला ठेवल्या. मग एकेक गठ्ठा वाटला. तीन गठ्ठे उरले आणि तिचे हात थांबले.

“गठ्ठे सोड की.”

“सोडून परत सुट्यांकडे जायचं? सुट्यांचं तर झालं ना, बाई.”

मी तिची वही ओढली आणि पडताळा केला. चार दाही चाळीस, अधिक बत्तीस, बहात्तर. पुढचं गणित शहाण्णव भागिले आठ, तिचं उत्तर दहा, बाकी सोळा. ऐंशी आणि सोळा, शहाण्णव. पाचही तसेच जुळले. एक काडीसुद्धा तिने कुठे हरवली नव्हती. माझ्या फुल्यांखाली या पोरीने सगळं जपून ठेवलं होतं आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं सुट्यांपासून, उजवीकडून. भागाकार तेवढा डावीकडून. का? तर आधी गठ्ठे वाटले की उरलेला गठ्ठा सोडून सुट्यांत मिसळता येतो, मागे फिरावं लागत नाही. इतकं साधं. डी.एड.ला मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही.

“सुट्यांपासून सुरू करायचं, हे कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच, बाई. दुसरीत. काहीही झालं तरी सुट्यांपासून, विसरायचं नाही, बोललात.”

हा वर्ग दुसरीपासून माझ्याकडेच आहे. बोलले असणार, दुसरीला शिकवताना नेहमी बोलते. तो शब्द तिने तीन वर्षं मोडला नव्हता.

“पण फळ्यावर मी डावीकडून करायचे ना?”

“मला वाटलं, मोठ्या माणसांना चालतं तसं.”

“माझं चुकलं, जिज्ञासा,” मी म्हणाले. तिच्या आईसमोर म्हणणं जड गेलं, पण म्हणाले.

तिने फळ्याकडे बघितलं. “चुकलं की दहा वेळा लिहायचं असतं, बाई.”

आगाऊपणा नव्हता त्यात. वर्गाचा नियम आहे आणि तोही मीच केलेला. मी उठून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ‘भागाकार मोठ्या गठ्ठ्यांपासून सुरू करायचा.’ मायाला कुठे बघावं कळेना. ती काड्या गोळा करायला लागली. जिज्ञासा बाकावर बसून तीच पाच गणितं डावीकडून करत होती. सातव्या ओळीला माझा खांदा भरून आला.

नववी ओळ झाल्यावर मी खडू ठेवून तिची वही घेतली. अठरा. बारा. पाचही बरोबर. खुणा करायला मी पेन उघडलं, तर तिने वही हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

“अजून एक ओळ राहिलीय, बाई.”