सोळा तासांचा उपास

वांग्यांचं शेवटचं पोतं खाली सरकवून केशवरावांनी चपला काढल्या आणि काट्यावर पाय ठेवला. गुडीहत्नूरच्या बाजारात जाणारा माल ज्या पत्र्याच्या छपरीत तोलला जाई, तिथेच आज घरातली माणसं तोलली जात होती. लाल आकडे थरथरले आणि थांबले.

"एकोननव्वद," सून रुपाने वाचलं. "मागच्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी होतं, मामाजी."

"काटा बिगडला असंन."

"काटा कायले बिगडते? वांगे तं बराबर दावते," मथुराबाई म्हणाल्या.

मग त्यांची पाळी आली. नवऱ्याच्या खांद्यावर सारा भार टाकून त्या चढल्या आणि तशाच, दात आवळून, उतरल्या. केशवरावांच्या शर्टाला खांद्याशी मूठभर सुरकुत्या पडल्या. शहात्तर. दोन किलो कमी. आदिलाबादच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांत सहा सांगितले होते. नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. 'ते' म्हणत.

बायको एकटीच पथ्यावर नको, म्हणून केशवरावांनीही वजन उतरवायचं ठरवलं होतं. पद्धत मात्र त्यांची वेगळी. पेपरातलं कात्रण ते खिशात बाळगत: संध्याकाळी सात ते सकाळी अकरा उपास, उरलेल्या आठ तासांत जेवण. मथुराबाईंना ते पटलं नव्हतं. त्या तिन्ही वेळा जेवत; फक्त दोन भाकरींच्या जागी एक, आणि भाजीत तेल मोजून.

"सोळा तास मी अन्नाले शिवलो नाई," केशवराव पुटपुटले.

"मंग सकाळी आठला डब्यात काय राह्यते?" रुपाने विचारलं.

"साबुदान्याची उसळ."

"आन रातच्याले?"

"भगर. एखांदा शेंगदान्याचा लाडू." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "उपासाचंच हाय सारं."

"मीठबी सैंधवच घातलं मी," मथुराबाई म्हणाल्या.

रुपाने तोंडाला पदर लावला. "ह्या उपासाले साबुदाना चालत नाई, मामाजी. पानी चालते."

केशवरावांनी कात्रण काढलं, उलटसुलट वाचलं, पुन्हा घडी घातली.

"तसं लिहाले पाह्यजे होतं त्यायनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. वांगी तोडताना केशवराव घड्याळाकडे पाहत, आणि मथुराबाई ताटातल्या एकट्या भाकरीकडे.

"तुमचं बरं हाय. सकाळी एकदा सोसलं का झालं. माहे तिन्ही टाइम हाल."

"तुले तिन्ही टाइम खायले तं भेटते."

दोन महिने असे गेले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस छपरीत पुन्हा काटा मोकळा केला गेला. केशवराव चढले. ब्याऐंशी. ते उतरले. मथुराबाई त्यांच्या खांद्याला नुसता हात टेकवून वर गेल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"बहात्तर," रुपा म्हणाली. मग अगदी पहिल्या वजनापासून बोटांवर हिशेब करून, "दोघाईचेबी सहा-सहा."

केशवरावांनी आकड्यांकडे वाकून पाहिलं. ते आकडे आता हलत नव्हते.

"माहा एक महिना साबुदान्यात गेला," ते म्हणाले. "तो सोडला तं माहंच खरं."

"साबुदाना कोनं रांधला?" मथुराबाई वरून म्हणाल्या. "मीच. मंग तुमाले हरवलं कोनं?"

रुपा हसत डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. केशवरावांनी नेहमीसारखा खांदा पुढे केला, किंचित झुकवला आणि भार येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. त्यांनी वळून पाहिलं.

मथुराबाई केव्हाच उतरल्या होत्या. पलीकडे उभ्या राहून त्या वांग्यांचं पोतं काट्याकडे ओढत होत्या.

"रुपा, सांग तुह्या मामाजीले, बाजूले सरका म्हनाव. माल तोलाचा हाय."

केशवराव सरकले. जाता जाता त्यांनी शर्टाच्या खांद्यावरून हात फिरवला. तिथे एकही नवी सुरकुती नव्हती.