पोटुशी पिल्लं

आमच्या तळ्यातला मासा तुम्ही खुजा केलात, आणि चोर आम्हाला ठरवलंत.

पट्टीपेक्षा लहान ते पिल्लू, परत पाण्यात सोडायचं. मोठा तेवढा धरायचा. हा तुमच्या मत्स्यखात्याचा नियम. सासऱ्यांच्या काळापासून आम्ही मुकाट पाळला. सासरे मासा खांद्यावर टाकून आणत, शेपटी कमरेला लागे. तसले लांब सगळे धरले गेले. जे आखूडपणीच वयात आले, अंडी घालून मोकळे झाले, त्यांचाच वंश राहिला. आता पट्टीला पुरेल असा मासा तळ्यात नाही. रोज जाळं ओढा, रोज सगळं सोडून द्या. खांदे गेले. काल आम्ही सोडले नाहीत.

आणि कालच तुमचा तपासनीस धक्क्यावर आला. आमच्या टोपलीतला एक मासा त्याने पट्टीला लावला. दोन बोटं कमी.

"पिल्लू आहे. जाळं जप्त."

 दुसरं जाळं घरात नाही, त्याला ठाऊक होतं. माझी जाऊ शेजारी मासे साफ करत होती. तिने तोच मासा घेतला, पोट चिरलं. आत केशरी अंडी, गच्च.

"दादा, तुमच्याकडे पिल्लं पोटुशी राहतात का हो?"

धक्क्यावरचे हसले. तोही हसला असता, पण दमला होता. पालथ्या टोपलीवर बसला.

"मला दिसतंय, वहिनी. सगळीकडे हेच आहे. वर कितीदा सांगितलं. म्हणतात, पट्टी आहे ना, मग लाव पट्टी."

"मग पट्टीच आखूड करा," आमचे हे म्हणाले.

"म्हणजे मासा आणखी आखूड होईल."

"मग मोठेही सोडायला लावा," जाऊ म्हणाली. "मधले तेवढे धरू. थोरल्यांचा वंश तरी राहील."

"हेच लिहून पाठवलं होतं," तो म्हणाला, आणि जाळं गोळा करायला लागला. अडकलेली गाठ यांनीच सोडवून दिली.

आज चूल पेटली नाही. म्हणून विचारते, दोनच गोष्टी. पोटात अंडी असलेल्याला पिल्लू म्हणायचं, तर मोठं कोणाला म्हणायचं? आणि उद्या तुम्ही मोठा मासा सोडा म्हणालात, तर सोडायला तो आणायचा कुठून?

सांगा. तपासनिसाला पाठवू नका, स्वतः या.