चांदी म्हशीची आवडती नटी

भवानीनगरहून फोन आला तेव्हा योगिनीला वाटलं, सत्कार असणार. मालिकेत थोरल्या सुनेचं काम करत ती काही वर्षं रोज रडली होती. मालिका संपल्यापासून मात्र ती गोरेगावच्या भाड्याच्या खोलीत बसून होती. मुंबईत ऑडिशनला गेलं की "फ्रेश चेहरा हवाय" म्हणून परत पाठवत. आणि इकडं आप्पासाहेब नावाचे कुणी ऊस बागायतदार म्हणत होते, "गाडी पाठवतो. पण बाई, तुमीच पायजे."

वाटेत बारामतीला गाडी थांबवून तिनं पार्लरमध्ये झकास मेकअप करून घेतला. आप्पासाहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि तिला थेट गोठ्यात नेलं.

"ही आमची चांदी," ते म्हणाले. "पारडू गेलं, तवापासनं म्हस पान्हावत न्हवती. मग आमच्या मंडळीनं गोठ्यात टीव्ही लावला. तुमची मालिका सुरू झाली की भडाभडा दूध. मालिका संपली आन् दूध बी बंद."

"मग मोबाईलवर जुने भाग लावायचे."

"लावलं की! जुना भाग वळखती ती. मान फिरवती."

आप्पासाहेबांची बायको साखरबाई चरवी घेऊन बसल्याच होत्या. योगिनीला हसावं की परत फिरावं कळेना. पण कुणीतरी आपल्या कामासाठी खोळंबलंय, ही गोष्टच ती विसरत चालली होती. तिनं पदर सावरला आणि नवऱ्याच्या फोटोसमोरचा गाजलेला प्रसंग सुरू केला. डोळ्यांत खरं पाणी आलं. दारात जमलेल्या दोन शेजारणी हुंदके देऊ लागल्या.

चांदी रवंथ करत राहिली.

"पावडरीच्या वासानं बुजली असंल," साखरबाई म्हणाल्या. "त्वांड धुता का?"

योगिनीनं हौदावर तोंड धुतलं. साखरबाईंनी जवळ येऊन निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगंबाई, तुमास्नी बी वांग हाय व्हय!" शेजारणीही आळीपाळीनं बघून गेल्या. हे वांगाचे डाग झाकायला मुंबईत तिनं किती क्रीमं थापली होती! इथं त्या डागांनी सगळ्यांना केवढा धीर आला.

ती पुन्हा रडली. चांदीनं शेण टाकलं.

आता मात्र योगिनीचं डोकं फिरलं. कॅमेऱ्यासमोर ज्या सासूचं ऐकून घेण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, तिचाच खर्जातला आवाज काढून ती म्हशीवर ओरडली, "ए अवदसे! या घरात राहायचं तर माझ्या शब्दाबाहेर जायचं न्हाय!"

चांदीनं कान टवकारले. साखरबाईंनी आचळांना हात लावला, तशी चरवीत धार वाजली.

"आवं, ही तर सासूवर भाळलीया!" साखरबाई ओरडल्या. "थांबू नगा, बोला!"

चरवी भरेपर्यंत योगिनी म्हशीला घालूनपाडून बोलत राहिली. आप्पासाहेबांनी तिला बासुंदी खाऊ घातली आणि मग अवघडून विचारलं, "बाई, राग मानू नका. त्या सासूबाईंचा नंबर मिळंल का?"

"माझ्याकडे नाही," ती म्हणाली. नंबर होता.

परतताना भिगवणला ड्रायव्हर जेवायला थांबला. योगिनीनं गाडीत बसूनच सासूचं काम करणाऱ्या माधवीताईंना फोन लावला. सेटवर त्या दोघींचं कधी धड पटलं नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं, बासुंदीसकट. माधवीताई हसतील असं तिला वाटलं होतं.



"मालिका संपल्यापासून मला कुणाचा फोन नाही गं," त्या म्हणाल्या. "खरंच माझ्या आवाजाला पान्हावते?"

"खरंच. मी तर नुसती नक्कल केली."

"मग रविवारी जाऊ या. तूही चल. मला एकटीला भीती वाटते जनावरांची. आणि काय गं, गोठ्यात साडी कुठली नेसू?"