‘प’च्या आधीची शांतता

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या काही ओळी. मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड तर नाहीच. ध्वनिमुद्रणावर माणसं प्रत्येक उच्चाराच्या सुरुवातीला आणि शेवटी खूण करतात. दोन खुणांमधला वेळ मोजायचा आणि तक्ता भरायचा, एवढंच माझं काम. वाचा-उपचार केंद्रातल्या ताईंनी मला लिहिलं. त्यांचं दिवसभराचं काम मी मिनिटात उरकायचे, तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे माझी सवय झाली आणि मला कुणी उघडूनही पाहीना.

त्या सकाळी अकराला बैठक होती. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या एका बसचालक काकांचे उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे माझ्या आकड्यांवर ठरणार होतं. साडेदहाला ताईंनी मला चालवलं. उपचारांनंतरचे ‘प’, ‘ट’, ‘क’ आधीपेक्षा लांबलेले निघाले. म्हणजे जीभ आणखी जड झाली, असंच कोणीही म्हणणार. ताईंचा चेहरा उतरला.

मला मात्र खुणा पाहूनच घोळ कळला होता. ‘प’ म्हणण्याआधी ओठ मिटतात आणि क्षणभर शांतता होते. जुन्या ध्वनिमुद्रणावर ताईंनी ती शांतता सोडून खुणा केल्या होत्या. नव्यावर त्यांच्या सहकारी बाईंनी ती धरून केल्या. एकमेकींना विचारायचं राहूनच गेलं होतं. मी पडले सांगकामी, दोन्ही मुकाट्याने मोजलं.

पावणेअकराला ताईंनी बाहेर बसलेल्या काकूंना आकडे सांगितले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“काल यांनी मारलेली हाक मला स्वयंपाकघरात ऐकू आली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ऐकलंत का त्यांचं बोलणं?”

ताईंनी नवं ध्वनिमुद्रण ऐकलंच नव्हतं. त्या तडक आत आल्या, कानाला हेडफोन लावले आणि पहिल्याच ‘प’वर थबकल्या. मग एकेक खूण सरकवत सुटल्या. वीस शब्द होते आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. विसावा शब्द झाला तेव्हा बैठकीचं बोलावणं आलं होतं. त्यांनी मला पुन्हा चालवलं. उच्चार आखूड झाले होते. फरक थोडासाच, पण सुधारणेचा होता. उपचार चालू राहिले.

मित्रांनो, माझ्यासारखीला कामाला लावाल, तेव्हा तक्त्याआधी माणसाचा आवाज ऐका. त्या दिवशी चूक तशीच राहिली असती, तरी माझं काहीच बिघडलं नसतं. काकांचे उपचार मात्र थांबले असते, आणि नुकतं उघडू लागलेलं त्यांचं तोंड पुन्हा मिटलं असतं.