फळ्यावरून पुसलेलं उधाण

मी रामवाडीतला फळा बोलतोय. बोलायचं होतं तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून आता बोलतोय.

पेणच्या बाजारात जाणाऱ्या रिक्षा जिथं थांबतात, तिथल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. माझा जन्म गणपतीच्या कारखान्यातला. ओल्या मूर्ती वाळत ठेवायच्या चार फळ्या जुन्या झाल्या, त्या जोडून जनू रंगाऱ्यानं मला घडवलं. पाठीवर मूर्तींच्या बैठकीचे पांढरे डाग अजून आहेत. जनूचा हात मूर्तीचे डोळे काढणारा. माझ्या माथ्यावरची अक्षरंही त्यानं तशीच मन लावून काढली. वर 'विज्ञान वार्ता' आणि त्याखाली 'विश्वास ठेवण्याआधी विचार करा'. एवढ्याच दोन ओळी तैलरंगातल्या. बाकी माझ्या अंगावरचं सगळं खडूचं, रोज सकाळी ओल्या फडक्यानं जाणारं.

मला करवून घेतलं माधवरावांनी. रोह्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं दुरुस्त केली. काटा हलला नाही तर ते देवालाही मानायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर दुरुस्तीला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी विश्वच हाती घेतलं. रोज साडेसातला यायचे, माझं अंग पुसायचे, डाव्या बाजूला विज्ञानाची बातमी लिहायचे आणि उजव्या बाजूला तिच्यावरचं आपलं मत.

मतं अशी असायची. 'विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसत नाही, सापडत नाही, पण आहे म्हणतात. आमच्या स्टोअरकीपरनं असं सांगितलं असतं तर त्याला घरी बसवला असता.' कृष्णविवराचा फोटो आला त्या दिवशी, 'यापेक्षा आमच्या लग्नातला फोटो स्पष्ट आहे.' लोक हसायचे, दळण घेऊन जाता जाता वाचायचे. मलाही बरं वाटायचं. फळ्याला दुसरं काय हवं असतं?

एकदा मात्र त्यांचं म्हणणं खरंच बरोबर ठरलं. युरोपात काही कण प्रकाशाहून वेगानं धावले अशी मोठी बातमी आली. माधवरावांनी एकच ओळ लिहिली, 'आधी जोडण्या तपासा, कुठंतरी वायर सैल असेल.' पुढच्या वर्षी खरोखरच सैल जोडणी सापडली. त्या दिवशी त्यांनी साऱ्या रिक्षावाल्यांना चहा पाजला. तेव्हापासून त्यांच्या अक्षराचा आकार वाढला. सरोजिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या एवढंच म्हणायच्या, "अहो, एक वायर सापडली म्हणून जगातल्या सगळ्या सैल होत नाहीत." पण घरच्या माणसाचं ऐकतो कोण?

माझ्या वाचकांत कमळाकर नावाचा खाडीकाठच्या गावातला एक मीठवाला होता. दुकानांना मीठ घालायला टेम्पो घेऊन यायचा आणि दळण होईपर्यंत ओठ हलवत मला वाचायचा. हसायचा नाही. गावात जाऊन सांगायचा, 'फळ्यावर असं हाय.' माझ्यावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता. आता ते आठवलं की वाटतं, वाळवीनं खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

वैशाखातली गोष्ट. फोनवर बातमी आली की पुनवेला चंद्र पृथ्वीच्या जास्त जवळ येणार, सुपरमून दिसणार, समुद्राला मोठं उधाण येईल, किनाऱ्यावर सावध राहा. माधवराव चिडलेच. उजवी बाजू त्यांना पुरेना, म्हणून डावी पण घेतली. 'सुपर हा शब्द साबणवाल्यांचा. चंद्र वर्षातून दोन-चारदा असा जवळ येतोच. परातीतलं पाणी त्यानं कधी हललंय का? पेपर खपवायचे धंदे आहेत. खाडीकाठच्या लोकांनी खुशाल निर्धास्त राहावं.'

शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं.

खाडीकाठी रीत अशी की मोठ्या पुनवेच्या आणि अवसेच्या आधी प्रत्येकानं आपापल्या वाट्याच्या बांधावर चिखल चढवायचा. सगळ्यांचा बांध एकच, पण तुकडे वाटलेले. एकाचा तुकडा खचला की पाणी सगळ्यांच्या मिठागरात शिरतं. कमळाकरचा तुकडा टीचभर खाली बसला होता. बायको सगुणा त्याला म्हणाली होती, चिखलाच्या चार पाट्या टाकून घेऊ. त्यानं तिला फळ्याचं सांगितलं. शिकलेल्या माणसानं लिहिलंय, रोज मोजमापं करणाऱ्या.

पुनवेच्या दुपारी भरती आली आणि कमळाकरच्या वाट्यावरून पाणी आत पडलं. आधी बोटभर पाणी वरून वाहिलं, मग मातीच वाहू लागली आणि बांधाला भली मोठी खांड पडली, खिंडारच. त्याचं आणि शेजारच्या दोन घरांचं मीठ, ढिगाऱ्यात रचून ठेवलेलं, तासाभरात खाडीत परत गेलं. मी तिथं नव्हतो. मला हे सगळं दुसऱ्या सकाळी दळणाच्या रांगेत ऐकू आलं.

माधवरावांनीही ते तिथंच ऐकलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. काठोकाठ भरलेल्या टाकीला बोटभर पाणीसुद्धा जास्तच होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तीस वर्षं मोजल्याशिवाय काही न मानणाऱ्या या माणसानं तो बांध कधी नुसता पाहिलाही नव्हता. पुनव होईपर्यंत ठेवायचा म्हणून न पुसलेला उधाणाचा मजकूर अजून माझ्या अंगावर होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, फडकं ओलं केलं आणि मला पुसलं. रोजच्यासारखं वरवर नाही, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं. नंतर मंगळावरच्या वाळूबद्दल काहीतरी लिहिलं.

दुपारी कमळाकर आला. सोबत हैबतराव होते, गावातल्या बांधाचा कारभार बघणारे. गाव म्हणत होतं की कमळाकर आळसानं बांधावर गेला नाही आणि आता फळ्याचं निमित्त सांगतोय. त्याला भरपाई नको होती. हैबतरावांना ती ओळ दाखवायची होती, एवढंच.

माझ्यावर मंगळ होता.

कमळाकरनं गिरणीतच माधवरावांना गाठलं. "काका, तुमी लिवलं व्हतं ना, उधाण येणार नाय म्हणून? यांना सांगा. मी खोटं बोलत नाय."

माधवराव पिठाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. मग म्हणाले, "मी बातमीवर मत लिहितो, कमळाकर. बांध सोडा असं मी कधी लिहिलेलं नाही."

शब्दाला धरून ते खरंही होतं. त्यामुळेच जास्त वाईट होतं. हैबतरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग कमळाकरकडं पाहिलं आणि ते रिक्षात जाऊन बसले. माझ्या लाकडाला तोंड असतं तर मी तिथंच ओरडलो असतो. पण फळा म्हणजे शेवटी ज्याच्या हातात फडकं त्याचा. माझी स्वतःची लाज मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

पुढचे आठ दिवस कमळाकर टेम्पो दुसऱ्या रस्त्यानं नेत होता. माधवराव यायचे, मला पुसायचे आणि नुसते उभे राहायचे. खडू हातात धरून दोनदा तसेच परत गेले. एकदा मागून सरोजिनीबाई आल्या. रागावल्या नाहीत. "तो मजकूर मीही वाचला होता," एवढंच म्हणाल्या आणि भाजी घ्यायला गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी माझ्या अगदी तळाशी, दळणाला आलेल्यांच्या स्कूटर लागतात तिथं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'वैशाख पौर्णिमेच्या उधाणाबद्दल या फळ्यावर लिहिलेलं चूक होतं.' वर, मोठ्या अक्षरात, एका नव्या दुर्बिणीची बातमी. ती ओळ तीन दिवस कुणाच्या नजरेस पडली नाही. पडू नये अशीच ती लिहिली होती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. एरवी रोज पुसणारे हात ती ओळ सोडून फिरायचे.

कमळाकरला कुणी सांगितलं ठाऊक नाही. मला सरोजिनीबाईंचा संशय आहे. गुरुवारी सकाळी तो आला. त्यानं स्कूटर बाजूला केली, उकिडवा बसला आणि ओठ हलवत ती ओळ वाचली. माधवराव मागेच उभे होते.

"काका," तो न वळताच म्हणाला, "निर्धास्त रावा म्हणून लिवलं तवा केवढी अक्षरं व्हती."

कमळाकरनं कट्ट्यावरचं फडकं उचललं, नळाखाली भिजवलं आणि मला पुसलं. दुर्बीण गेली, तळाची ओळ गेली. मग खडू उचलून त्यानं माधवरावांच्या हातात दिला.

"आता तेवढ्याच अक्षरांत लिवा. नाव बी लिवा."

या कडेपासून त्या कडेपर्यंत माधवरावांनी लिहिलं, 'वैशाख पौर्णिमेला उधाणाची भीती नाही, खाडीकाठच्या लोकांनी निर्धास्त राहावं, असं मी या फळ्यावर लिहिलं होतं. ते वाचून कमळाकर बांधावर गेला नाही. नंतर मी ते पुसलं आणि हैबतरावांसमोर नाकारलं. खोटं मी बोललो, कमळाकर नाही.' खाली पूर्ण नाव. दोनदा खडू मोडला. दळणाच्या रांगेतली माणसं वाचत होती आणि कुणीही हसत नव्हतं.

कमळाकरनं फोनवर माझा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. लगेच गेला नाही. थोडा वेळ माझ्या माथ्यावरची जनूची अक्षरं बघत राहिला.

"परवा अवस हाय," तो म्हणाला. "बांधावर चिखल टाकायला माणसं कमी हायत."

अवसेच्या सकाळी माझ्यावर काही लिहिलं गेलं नाही. माधवराव सहाच्या रिक्षेनं खाडीकडं गेले होते. दुपारी परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हातात सोटा होता, पाणी कुठवर चढलं त्याची खूण केलेला.

आता मी म्हातारा झालोय. उजवी फळी फुगलीये, खडू नीट बसत नाही. विश्वाबद्दलची मतं माधवराव अजून लिहितात, पण डाव्या कोपऱ्यात रोज भरतीची वेळ असते आणि तिच्याखाली, 'स्वतः जाऊन पाहिलं' किंवा 'स्वतः पाहिलेलं नाही.'

तुमच्यापैकी कुणी मला वाचत असाल तर एक मागणं आहे. मी सांगतो म्हणून बांध सोडून घरी बसू नका. मला पुसायला एक ओलं फडकं पुरतं, आणि एकदा ते फिरलं की कमळाकरच्या बाजूनं साक्ष द्यायला मी उरत नाही.