तीच जागा, नवी चिप

गटाराच्या पाइपात सोडून आतलं चित्र दाखवणारा तो कॅमेरा. त्याचं सर्किट एकवीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून केलं होतं. एक काका, म्हणजे ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणत, आणि दुसरा दाढी, म्हणजे दाढीमुळे तेच नाव पडलेला त्यांचा शेजारच्या टेबलावरचा जोडीदार. सात वर्षांपूर्वी दाढीने नोकरी बदलली आणि काकांना सांगितलं ते अगदी शेवटच्या आठवड्यात. काका रुसले. निरोपाच्या चहाला गेले नाहीत. मग त्याच्या फोनची वाट बघत बसले. तो आला नाही, यांनीही केला नाही.

आता त्या कॅमेऱ्यातली व्हिडिओ चिप बनणं बंद झालं होतं. तिच्याऐवजी नवी आली होती. जोडणीचे पाय तेवढेच, जागच्या जागी.

“जुनी काढायची, नवी बसवायची. दोन दिवसांचं काम, नाही का काका?” विभागाच्या नव्या मॅडम म्हणाल्या. वयाने त्या काकांच्या मुलीएवढ्या.

“बघतो,” काका म्हणाले.

चिप झोकात बसली. चित्र इतकं स्वच्छ आलं, की कॅमेरा स्वतःकडे वळवल्यावर काकांना आपल्या कॉलरचा विरलेला धागा दिसला. बायको गेल्यापासून हे कुणी दाखवून दिलं नव्हतं. पण दहा वेळा चालू केलं, की एकदा तरी पडदा काळाच राही.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. काका बटण दाबत आणि पडदा काळा राहिला, की कागदावर रेघ ओढत. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली पोरं बाहेर जात, हे टेबलावरच डबा उघडत. शेवटी एका दुपारी, मनाचा हिय्या करून, त्यांनी दाढीला फोन लावला.

उचलला त्याच्या बायकोने, वहिनींनी. काकांनी नाव सांगून त्याला बोलवायला सांगितलं.

“ते नाहीत हो. आठ महिने झाले.”

काकांनी समोरचा कॅमेरा बंद केला.

“तुम्हाला कळवायचं मनात होतं,” वहिनी म्हणाल्या, “पण म्हटलं, तुमचं भांडण होतं ना.”

“भांडण नव्हतं, वहिनी.”

“मग काय होतं?”

काकांनी रेघांचा कागद उलटा करून ठेवला.

“कशासाठी केला होतात फोन?”

“चिपचं विचारायचं होतं. जाऊ दे.”

“सांगा की. मला ओ की ठो कळणार नाही, पण असलं बोलणं घरात ऐकून फार दिवस झाले.”

काका वीस मिनिटं बोलले. वहिनी मधूनमधून “हं” म्हणत राहिल्या.

चूक सापडली पुढच्या सोमवारी. नवी चिप जुनीपेक्षा लवकर जागी होत होती आणि समोरचा चित्र टिपणारा सेन्सर तयार व्हायच्या आत त्याला हाक मारत होती. उत्तर नाही आलं, की पुन्हा विचारतच नव्हती. काकांनी प्रोग्रॅममध्ये तिला जरा थांबायला आणि परत परत विचारायला लावलं. मग पाचशे वेळा बटण दाबलं. एकदाही पडदा काळा झाला नाही.

“वा, छान! आता मोठ्या मॉडेललाही हीच लावून टाका,” म्हणत मॅडम मीटिंगला निघून गेल्या.

काकांनी वहिनींना फोन केला.

“चालू झालं.”

“झालं ना? बरं झालं बाई. त्यांच्या वह्या पडल्यात इथे, रविवारी येऊन घेऊन जा.”

रविवारी काका त्यांच्या घरी गेले. वह्यांत एकवीस वर्षांपूर्वीच्या आकृत्या होत्या.

“हे अक्षर त्यांचं. आणि हे कुणाचं हो?” वहिनींनी विचारलं.

“माझं.”

वहिनींनी चहा केला. चहा संपल्यावर काकांनी वह्या पिशवीत भरल्या. निघताना त्या म्हणाल्या, “येत जा.” काका “हो” म्हणाले.

चार वाजताच ते घरी पोचले. वह्या टेबलावर ठेवल्या आणि चपला न काढता तसेच बसले. आख्खी संध्याकाळ अजून शिल्लक होती.